लढाईंतला खलाशी आणि त्याचा हिशेब

(जोगेश्वरी येथें भरलेल्या सभेंत एका खेड्यांतील शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



या सभेंत कोंकणांतून येऊन येथें स्थायिक झालेलीं घरें पुष्कळ दिसत आहेत. कोणी सुतारकी करतो, कोणी रिक्षा चालवितो, कोणी भाजीची गाडी लावतो, कोणी गिरणी बंद पडल्यापासून मिळेल तें काम करतो. गांवीं भाताचीं चार खाचरें आणि आंब्याचीं दोन कलमें अजून आहेत. अशा घरांत चौकशी केली तर आजा, पणजा, चुलत आजा, कोणी ना कोणी दर्यावर गेलेला निघतो. माळ्यावर त्याची लोखंडी पेटी असते आणि पेटींत त्याची 'नळी' असते. नळी म्हणजे खलाशाच्या नोकरीचा दाखला. माणूस कोणत्या जहाजावर चढला, कधीं उतरला, त्याची चालचलणूक कशी होती, हें सारें तींत लिहिलेलें असतें. ज्याच्याविषयीं लिहिलें, त्याला मात्र तें बहुधा वाचतां येत नसे.

आम्ही पडलों खेड्यांतले शाळामास्तर. जहाज हांकण्याची विद्या आम्हांपाशीं नाहीं. जमाखर्च मांडण्याची थोडीशी आहे. म्हणून लढाईच्या काळांतल्या खलाशाचें चरित्र आज आम्ही जमाखर्चाच्या वहीप्रमाणें मांडणार आहों. एका पानावर त्यानें जगाला काय दिलें तें. दुसऱ्या पानावर त्याच्या घरीं काय आलें तें. आणि दोन्ही पानांखालीं एक प्रश्न लिहिणार आहों. जो माणूस पाणसुरुंगांच्या समुद्रांतून दुसऱ्याची बोट पार नेई, तो परत आल्यावर स्वतःच्या धंद्याचा धनी कां होऊं शकला नाहीं? आणि जे थोडे झाले, ते कशाच्या बळावर झाले?

टेकडीवरचें दान

प्रथम आपल्या दाराजवळची गोष्ट घेऊं. जोगेश्वरीच्या टेकडीवर इस्माईल युसूफ कॉलेज आहे. आगबोटींच्या धंद्यांतले सर महंमद युसूफ यांनीं १९१४ सालीं ८ लक्ष रुपये मुंबई सरकारच्या स्वाधीन केले. मुसलमान समाजांतील मुलांना वरचें शिक्षण मिळावें, हा त्यांचा हेतु होता. १९३० सालीं कॉलेज उघडलें आणि त्याला त्यांच्या वडिलांचें नांव देण्यांत आलें. त्या काळीं जोगेश्वरी मुंबई शहराच्या हद्दीबाहेर होती. उपनगरांत निघालेलें हें पहिलें कॉलेज. आज तेथें सर्व जातिधर्मांचीं मुलें शिकतात. मुंबई बंदराच्या पलीकडे न्हावें येथें खलाशीविद्या शिकविणारी 'रहमान' नांवाची जुनी शाळा आहे, तीहि याच दात्याच्या नांवाशीं जोडलेली आहे.

असें दान करणाऱ्याला आमचा मनापासून नमस्कार आहे. पैसा पुष्कळांनीं मिळविला. शाळा-कॉलेजासाठीं तो सोडणारे थोडे. परंतु टेकडी चढतांना मुलांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आगबोटीचा धंदा एकट्या शेठजीच्या अकलेवर चालत नाहीं. भट्टींत कोळसा टाकणारा, दोर ओढणारा, सुकाणूवर रात्र काढणारा कोणी तरी असतोच. दात्याचें नांव दगडावर कोरलेलें आहे तें योग्यच आहे. ज्यांचीं नांवें कोरलेलीं नाहींत त्यांचा विचार आज आपण करूं.

दर्यावर कोण गेले?

शास्त्रीपंडितांनीं समुद्र ओलांडणें पाप ठरविलें होतें. विलायतेस जाऊन आलेल्या मोठ्या घरच्या मुलांना प्रायश्चित्त द्यावें कीं न द्यावें, यावर वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षें वाद चालत. ज्याच्या घरीं सहा महिने पुरेल इतकेंच भात पिके, त्याला त्या वादांत पडण्याची सवड नव्हती. भंडारी, गाबीत, खारवी, कोळी, दालदी आणि कोंकणी मुसलमान हे लोक पिढ्यान् पिढ्या दर्यावर होतेच. आगबोटी आल्या तेव्हां शिडाची दोरी सोडून त्यांनीं आगबोटीचा दोर हातीं घेतला. शास्त्राचा निषेध पोटानें पुसून टाकला.

मुंबईहून सुटणाऱ्या विलायती कंपन्यांच्या बोटींवर कामाची वांटणी ठरलेली असे. वरच्या तक्त्यावर सारंग, त्याच्या हाताखालीं तांडेल आणि खलाशी. यांत रत्नागिरी जिल्ह्याचीं माणसें मोठ्या संख्येनें असत. खालीं इंजिनाच्या भट्टीपाशीं आगवाले आणि कोळसेवाले. ते बरेचसे पंजाबांतले आणि सरहद्दीवरचे. खाणेंपिणें आणि उतारूंची चाकरी गोमंतकांतल्या ख्रिस्ती बांधवांकडे. या तिन्ही खात्यांवर गोरे अधिकारी. हिंदी मुलांना बोटीवरचे अधिकारी होण्याचें शिक्षण मुंबईंत 'डफरिन' जहाजावर सुरू झालें तें १९२७ सालीं; आणि त्यालाहि इंग्रजी शिक्षण व फी लागे. खलाशाच्या मुलाला तें दार लांबूनच पाहावें लागलें.

जागेचा हिशेब ऐका. १९०६ च्या विलायती कायद्यानें गोऱ्या खलाशाला झोंपण्याराहण्यासाठीं १२० घनफूट जागा ठरवून दिली. हिंदी खलाशाला मात्र ३६ घनफूट. आमच्या शाळेंतल्या मुलांनीं हें फुटपट्टीनें मोजून पाहिलें. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच अशी पेटी केली कीं ३६ घनफूट भरतात. ती पेटी कशासारखी दिसते, हें आम्ही सांगण्याची गरज नाहीं. पगारहि असाच. एकाच बोटीवर, एकाच वादळांत, हिंदी खलाशाचा पगार गोऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनहि कमी असे. शिवाय करार हिंदुस्थानांत सुरू व्हावा आणि हिंदुस्थानांतच संपावा, अशी अट. म्हणजे विलायतच्या बंदरांत उतरून जास्त पगाराची नोकरी धरण्याची वाट कायद्यानेंच बंद केलेली होती.

दलालाची पायरी

परंतु एवढी नोकरी तरी सुखानें मिळे काय? नाहीं. कंपनी स्वतः माणसें घेत नसे. भरती परवानेदार दलालाच्या आणि सारंगाच्या हातांत होती. बंदरावर जागा थोड्या आणि माणसें फार. एका सफरीवरून आलेला खलाशी दुसरी मिळेपर्यंत कित्येक महिने मुंबईंत बसून राही. खानावळीची उधारी वाढे. मग नंबर लागावा म्हणून दलालाला द्यायला पुन्हां कर्ज. बोट सुटण्याआधींच पुढच्या पगाराचे धनी ठरलेले असत.

हा अन्याय कोणाला ठाऊक नव्हता असें नाहीं. १९२० सालीं जिनोआ शहरांत भरलेल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें ठराव केला कीं, खलाशाला नोकरी लावून देण्याबद्दल कोणी पैसे घेऊं नयेत. १९२२ सालीं हिंदुस्थान सरकारच्या समितीनें दलाल काढून सरकारी भरतीकचेरी उघडावी अशी शिफारस केली. १९३१ सालीं मजूरविषयक शाही कमिशननेंहि या भरतीवर बोट ठेवलें. ठराव झाले, शिफारशी छापल्या, आणि दलाल पायरीवर बसलेलाच राहिला. सरकारी कचेरीमार्फत पाळीपाळीनें नोकरी देण्याची व्यवस्था नीट बसण्याला स्वातंत्र्य यावें लागलें. कागदावरचा न्याय पायरीपर्यंत पोंचायला तीस-तीस वर्षें लागतात, हें आपण शेतकरी लोक जाणतोंच.

या काळांत गोमंतकीय खलाशांनीं एक शहाणपणाची गोष्ट केली. मुंबईंत धोबीतलावाच्या आसपास त्यांनीं आपापल्या गांवाचे 'कूड' काढले. कूड म्हणजे गांवकऱ्यांची सामाईक जागा. थोडी वर्गणी भरावी, पेटी ठेवावी, सफर मिळेपर्यंत पथारी पसरावी. ज्याच्या राहण्याची सोय गांवानें केली, त्याच्यावर खानावळवाल्याचा फांस तितका घट्ट बसत नसे. आपल्या कोंकणी मंडळींच्या गांवच्या खोल्या याच जातीच्या. दहाजणांनीं मिळून घेतलेली खोली हीच गरिबाची पहिली पेढी.

दोन लढाया

आतां लढाईकडे येऊं. खलाशी हा शिपाई नव्हे. त्याच्या हातीं बंदूक नाहीं, अंगावर गणवेष नाहीं. परंतु धान्य, कोळसा, तेल आणि दारूगोळा वाहणारी बोट हीच शत्रूची पहिली शिकार. १९१४ ते १९१८ च्या लढाईंत बुडालेल्या आणि समुद्राखेरीज दुसरी कबर न मिळालेल्या दोन हजारांहून अधिक दर्यावर्दी लोकांचें स्मारक मुंबईंत मस्जिद बंदराजवळच्या खलाशीगृहांत आहे. मुंबईंत जन्म काढलेल्या कित्येकांनीं तें पाहिलेलें नाहीं.

दुसरें महायुद्ध १९३९ च्या सप्टेंबरांत पेटलें. ब्रिटिश व्यापारी बोटींवरच्या माणसांपैकीं सुमारें चौथा हिस्सा आपल्या देशाचा होता. लढाई सुरू होतांच त्यांनीं एक साधा प्रश्न विचारला. गोऱ्या खलाशाला धोक्याबद्दल जादा भत्ता मिळतो. पाणसुरुंग काय कातडीचा रंग पाहून फुटतो? लंडन, ग्लासगो आणि दुसऱ्या अनेक बंदरांत खलाशांनीं पगारवाढीखेरीज बोटीवर चढण्याचें नाकारलें. कित्येकांना तुरुंगांत टाकलें. तरी ते हटले नाहींत, तेव्हां पगारवाढ आणि युद्धभत्ता मिळाला. मायदेशापासून हजारों मैल दूर, भाषा परकी, कायदा विरुद्ध, अशा स्थितींत निरक्षर माणसांनीं हा हक्क मिळविला. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांत यावी अशी आहे.

बुडालेल्या बोटींची यादी फार मोठी आहे. आम्ही तीनच सांगतों. १९४० च्या १७ सप्टेंबरला 'सिटी ऑफ बनारस' ही बोट अटलांटिक महासागरांत पाणबुडीनें बुडविली. तींत बॉम्बच्या भीतीनें कानडाला पाठविलेलीं ९० इंग्रज मुलें होतीं. त्यांपैकीं ७७ गेलीं. तिच्यावरचे आपले खलाशीहि शेंकड्यावर गेले. उष्ण देशांतलीं माणसें त्या गारठ्यांत टिकलीं नाहींत. एक होडी आठ दिवस समुद्रांत भरकटत राहिली. तींत सहा मुलें होतीं, आणि बाकीच्यांत बहुसंख्य हिंदी खलाशी होते. वल्हीं मारणारे हात तेच.

१९४२ च्या जानेवारींत सिंदिया कंपनीच्या 'जलतरंग' आणि 'जलपालक' या बोटी जपानी पाणबुडीनें बुडविल्या. सिंदिया ही आपल्या लोकांनीं काढलेली कंपनी. तिची 'लॉयल्टी' बोट ५ एप्रिल १९१९ रोजीं मुंबईहून विलायतेस निघाली होती, त्या दिवसाची आठवण म्हणून ५ एप्रिल हा दिवस देशांत पाळतात. आणि त्याच १९४२ सालीं २० नोव्हेंबरला मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेली 'तिलावा' बोट २३ तारखेला अरबी समुद्रांत बुडाली. उतारू आणि खलाशी मिळून २८० जीव गेले.

जे बुडाले नाहींत ते कित्येकदां कैदेंत पडले. जर्मनींत ब्रेमेन शहराजवळ 'मिलाग नॉर्ड' नांवाची व्यापारी खलाशांची कैदछावणी होती. तेथें आपल्या माणसांनीं वर्षें काढलीं. आणि जे मुंबईंतच राहिले तेहि सुरक्षित नव्हते. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकिन' बोटीवरच्या दारूगोळ्याचा स्फोट झाला. गोदी, वखारी आणि लगतच्या वस्त्या यांची राखरांगोळी झाली.

लढाई संपल्यावर मोजदाद झाली, तेव्हां हिंदी व्यापारी जहाजांवरचे सहा हजारांहून अधिक लोक गेल्याचें दिसलें. त्यांचीं आणि नौदलाच्या चारशें खलाशांचीं नांवें मुंबई आणि चितगांव येथल्या स्मारकग्रंथांत नोंदलेलीं आहेत. सहा हजार म्हणजे आपल्या तालुक्यांतलीं कितीतरी गांवें माणसांसकट पुसून टाकण्यासारखें आहे.

भगिनींनो, ही मोजदाद पुरुषांची झाली. घरीं राहिलेल्या बायकांची कोणी केली नाहीं. मनिऑर्डर येईल म्हणून वाण्याची उधारी वाढविणारी, लावणी एकटीनें उरकणारी, तार आली तर ती वाचून घेण्यासाठीं दुसऱ्या गांवीं धांवणारी बाई हीहि त्या लढाईंतच होती. तिला भत्ता नव्हता.

फळ्यावरचा हिशेब

आतां दुसरें पान उघडूं. जो जगून परत आला त्याच्या हातीं काय उरलें? समजुतीसाठीं आम्ही एक गणित घालतों. आंकडे सोपे घेतले आहेत. रीत मात्र खरी आहे.

समजा लढाईपूर्वीं एका खलाशाचा पगार दरमहा २० रुपये. सफर दहा महिन्यांची. एकूण कमाई २०० रुपये. आतां वजाबाकी. नोकरी लागावी म्हणून दलालाला दोन महिन्यांचा पगार, म्हणजे ४० रुपये. सफर मिळेपर्यंत बसून खाल्लेल्या दिवसांचें कर्ज ६० रुपये. त्याचें व्याज रुपयाला दरमहा एक आणा. एक आणा म्हणजे तोंडाला किती गोड! परंतु ६० रुपयांवर महिन्याला ६० आणे झाले, म्हणजे ३ रुपये १२ आणे. दहा महिन्यांचे ३७ रुपये ८ आणे. एकूण वजा १३७ रुपये ८ आणे. घरीं पोंचले ६२ रुपये ८ आणे. दहा महिने समुद्रावर, आणि दरमहा सव्वासहा रुपये!

यांत दारू आली नाहीं, जुगार आला नाहीं, चैन आली नाहीं. मोठे लोक म्हणतात, खलाशी उधळ्या असतो म्हणून दरिद्री राहतो. आम्ही म्हणतों, आधीं वजाबाकी करून पाहा, मग उपदेश करा. माणूस निर्व्यसनी असला तरी या व्यवस्थेंत त्याच्यापाशीं भांडवल सांचणें कठीण. आणि करार इंग्रजींत, वही सावकाराची, अंगठा आपला. किती घेतलें, किती फेडलें, हें विचारणाऱ्याला "तुला काय कळतें?" हें उत्तर ठरलेलें.

युद्धभत्त्यामुळें पगार वाढले तेव्हां कांहीं घरांत चार पैसे प्रथमच आले. कोणी गहाण पडलेली जमीन सोडविली, कोणी कौलारू घर बांधलें. ज्यांनीं ते पैसे धंद्यांत घातले, त्यांची गोष्ट आतां सांगतों.

गलबताचा वाटा

कोंकणच्या किनाऱ्यावर धंद्याची एक जुनी शाळा होतीच. ती म्हणजे शिडाचें गलबत. लढाईंत मोठ्या आगबोटी सरकारी कामाला लागल्या, तेव्हां किनाऱ्यावरचा पुष्कळ माल पुन्हां पडाव, मचवा आणि फत्तेमारीवर आला. कौलें, लाकूड, मीठ, नारळ, तांदूळ, सारें शिडावर. नाखव्याला दिवस चांगले आले.

गलबतावरची रीत आगबोटीहून निराळी होती. बहुतेक ठिकाणीं पगार नसे, वाटा असे. भाड्याच्या पैशांतून खर्च वजा जातां उरेल त्याचे भाग पाडावेत. गलबताचा भाग मालकाचा, तांडेलाचा भाग मोठा, खलाशाचा एक. भागांचें प्रमाण बंदराबंदराला वेगळें, पण तत्त्व एकच. येथें खलाशाला मालाचें भाडें किती झालें हें ठाऊक असे. कोणत्या बंदरांत काय स्वस्त, काय महाग, कोण व्यापारी बोलाला पक्का, हें तो डोळ्यांनीं पाही. म्हणून गलबतावरचा खलाशी तांडेल होई, तांडेल नाखवा होई, आणि दोघे-तिघे भाऊ मिळून स्वतःचें गलबत घेत. आगबोटीवरचा खलाशी मात्र वीस वर्षें राबला तरी त्याला बोटीचें भाडें कधीं कळत नसे.

पुढें रस्ते झाले, ट्रक आले, शिडाचा धंदा बसला. ज्यांनीं वेळेवर गलबताला इंजिन बसविलें किंवा मासेमारीच्या यांत्रिक होड्या घेतल्या, ते टिकले. जुन्या वैभवाच्या गोष्टी सांगत बसले, ते गेले. इंजिनखात्यांत हात काळे केलेल्या कित्येकांना दुरुस्तीचें काम येत असे; गांवच्या नाक्यावर अवजारांची पेटी घेऊन बसलेला असा माणूस दोन-चार वर्षांत लहानसा कारखानदार होऊं शके. त्याची विद्या कोणी काढून घेऊं शकत नव्हतें.

लंडनमधले 'मास्टर'

परमुलखांतलें एक उदाहरण सांगतों, कारण आमच्या प्रश्नाचें उत्तर त्यांत फार स्पष्ट दिसतें. सिल्हेट हा जिल्हा आज बांगलादेशांत आहे. तोहि आपल्या रत्नागिरीसारखाच. घरचें भात पुरत नाहीं म्हणून माणसें बोटीवर. तेथले अयूब अली नांवाचे एक खलाशी १९१९ सालीं अमेरिकेंत बोट सोडून उतरले आणि तेथून लंडनला आले. शहराच्या पूर्व भागांत, कमर्शियल स्ट्रीटवर, त्यांनीं खानावळ घातली. सँडीज रो या गल्लींत १३ नंबरचें त्यांचें घर होतें. परक्या शहरांत उतरलेल्या खलाशाला त्या घरीं जेवण मिळे, झोंपायला जागा मिळे. त्याचीं पत्रें लिहिलीं जात, घरीं पैसे पाठविण्याची सोय होई, सरकारी कागद भरून दिले जात. लोक त्यांना 'मास्टर' म्हणत.

लढाई ऐन भरांत असतां, १९४३ सालीं, याच अयूब अलींनीं शाह अब्दुल मजीद कुरेशी यांच्याबरोबर हिंदी खलाशांचें कल्याणमंडळ काढलें. कुरेशीहि बोटीवरून उतरून खानावळीच्या धंद्यांत पडलेले. पुढें अयूब अलींनीं प्रवासाच्या तिकिटांची पेढी चालविली. विलायतेंत ज्याला 'हिंदी खाणावळ' म्हणतात तो मोठा व्यापार पुष्कळ अंशीं सिल्हेटच्या या खलाशांनीं उभा केला.

बंधूंनो, यांत जादू कसली? अयूब अली कांहीं भांडवल घेऊन उतरले नव्हते. त्यांच्यापाशीं तीन गोष्टी होत्या. एक, कागद वाचण्या-लिहिण्याची शक्ति. दोन, मिळकत दलालाच्या हातीं न देतां आपल्या हातीं ठेवण्याची हिंमत. तीन, आपल्या माणसांचा विश्वास. त्यांनीं दुसऱ्यांना सोडविलें, आणि तींच माणसें त्यांचीं गिऱ्हाइकें झालीं, भागीदार झालीं, पुढें स्वतः दुकानदार झालीं. शेठजीनें नफ्यांतून दान दिलें तें थोरच. परंतु खलाशानें खलाशाला वर ओढलें, त्यांत दान घेणारा आणि देणारा असे दोन वर्ग उरले नाहींत.

आजचें काय?

कोणी म्हणेल, मास्तर, हें सारें जुनें झालें. आतां कोळसा गेला, दलाल गेला, मुलगा विमानानें जाऊन सिंगापुरांत बोट धरतो. पगारहि चांगला. हें खरें आहे, आणि त्याचा आम्हांस आनंद आहे. परंतु दलाल गेला हें खरें नाहीं. त्यानें पायरी सोडली आणि कचेरी थाटली. आज तो कांचेच्या दाराआड बसतो, भ्रमणध्वनीवर जाहिरात पाठवितो आणि चाळीस रुपयांच्या जागीं लाखांत बोलतो. जमीन विकून, दागिना मोडून पैसे भरलेलीं मुलें आम्ही पाहिलेलीं आहेत. कोणाला खोटें प्रशिक्षणपत्र मिळालें. कोणाला परदेशांत नेऊन मोडक्या बोटीवर टाकलें. कोणाच्या मालकानें पगार न देतां बोटच वाऱ्यावर सोडली.

म्हणून कायदा काय आहे तो नीट ऐका आणि घरीं जाऊन सांगा. २००६ सालच्या आंतरराष्ट्रीय दर्या-मजूर कराराप्रमाणें खलाशाला नोकरी लावून देण्याबद्दल त्याच्याकडून पैसे घेतां येत नाहींत. हा करार भारतानें २०१५ सालीं मान्य केला. खलाशी भरती करणाऱ्या कंपनीला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो; ही कचेरी मुंबईंतच आहे, आणि परवानेदार कंपन्यांची यादी ती सर्वांसाठीं जाहीर करते. प्रशिक्षणाच्या संस्थांनाहि तिची मान्यता असावी लागते. मुलगा "नोकरी पक्की, फक्त पैसे भरायचे" असें सांगत आला, तर बापानें रागावूं नये आणि आईनें दागिना काढूं नये. आधीं यादी पाहावी. १९२० सालीं जिनोआला जें ठरलें तें आज शंभर वर्षांनंतरहि आपल्या घरांत वाचून दाखवावें लागतें, याचें दुःख आहे. परंतु आतां आपल्या घरांत वाचणारें कोणी तरी आहे, हा फरक लहान नाहीं.

आमचें मागणें तीन गोष्टींचें आहे.

पहिलें, मुलगा कोठेंहि नोकरीस जावो, दर्यावर, दुकानांत कीं कारखान्यांत, कराराचा कागद पुरा वाचल्याखेरीज सही करूं नये. इंग्रजी येत नसेल तर येणाऱ्याकडून वाचून घ्यावा. त्यांत लाज नाहीं. न वाचतां सही करणें हाच जुना अंगठा.

दुसरें, कमाईचा एक भाग धंद्यासाठीं वेगळा काढावा, आणि तो एकट्यानें न काढतां दहाजणांनीं मिळून काढावा. आपल्या गांवच्या मंडळाची खोली आहे, भिशी आहे, पतपेढी आहे. भिशींतून सण साजरा होतो. तीच नेमानें आणि लेखी हिशेबानें चालविली तर त्यांतून वेल्डिंगचें यंत्र येतें, टेंपो येतो, यांत्रिक होडी येते. बायकांना हिशेबाला बसवा. ज्या बाईनें दहा महिने एका मनिऑर्डरीवर घर चालविलें, तिच्याइतका पक्का खजिनदार मिळणार नाहीं.

तिसरें, माळ्यावरची पेटी खालीं काढा. नळी असेल, जुनें पत्र असेल, तार असेल, तर ती ओल लागण्याआधीं वाचून घ्या. बोटीचें नांव, साल, गांव, माणसाचें नांव एका वहींत उतरवा. मग मुलांना घेऊन एकदां मस्जिद बंदराला जा आणि स्मारकांत आपल्या गांवचीं नांवें शोधा. राजांच्या आणि सेनापतींच्या बखरी लिहायला पुष्कळजण आहेत. सारंग, तांडेल आणि आगवाल्याची बखर त्यांच्या नातवंडांनींच लिहावी लागेल.

टेकडीवरच्या कॉलेजांत आज खलाशाच्या घरची नात शिकूं शकते. तिनें तेथें शिकून पणजोबांची नळी वाचावी, त्यांच्या पगाराचा हिशेब तपासावा, आणि स्वतःच्या धंद्याची वही स्वतःच्या अक्षरांत लिहावी. जो हिशेब सहा हजार माणसें अपुरा ठेवून गेलीं, तो तेव्हां कुठें थोडासा जमेच्या बाजूला येईल.